गाडीच्या काचांना घरीच फिल्म लावली, त्याची गोष्ट

मागच्या सीटवर उजवीकडे धाकटीची जागा. लांबच्या प्रवासात दुपारचं ऊन नेमकं तिच्या दंडावर यायचं, आणि घरी पोहोचेपर्यंत तेवढाच भाग लाल झालेला असायचा. गाडीच्या काचा बंद असल्या की ऊन अडतं असा माझा समज होता. खरं म्हणजे तो फक्त पुढच्या मोठ्या काचेपुरता खरा आहे. ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते आणि अतिनील किरणं जवळजवळ सगळी तिथेच थांबतात. दारांच्या काचा सहसा एकपदरी, कडक केलेल्या असतात. त्यांच्यातून त्वचेला त्रास देणारी किरणं बरीच आत येतात. हे कळल्यावर मी काचेला चिकटवायची पातळ प्लास्टिकची फिल्म लावायचं नक्की केलं, आणि लावायची तर स्वतःच्या हाताने, हेही.

फिल्म निवडताना काळेपणावर जाऊ नका, हे मला आधी सांगावंसं वाटतं. गडद फिल्म म्हणजे जास्त थंडावा असं नसतं. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. नुसत्या रंगाची स्वस्त फिल्म उजेड कमी करते, पण ही उष्णता फारशी परतवत नाही, आणि काही वर्षांनी जांभळट पडते. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता चांगली अडवते, पण मोबाइल आणि जीपीएसच्या सिग्नलला आड येऊ शकते. बारीक सिरॅमिक कण मिसळलेली, म्हणजे सिरॅमिक फिल्म महाग असते, पण फिकट असूनही उष्णता अडवते. मी फिकट सिरॅमिक घेतली. अतिनील किरणं चांगल्या फिल्ममध्ये, फिकट असो वा गडद, ९९ टक्क्यांच्या आसपास अडतात. मुलीच्या दंडासाठी मला तेच हवं होतं.

टक्क्यांचा हिशेबही समजून घ्या. फिल्मवर ५० लिहिलं असेल तर तिच्यातून निम्मा उजेड जातो. पण मूळ काचही थोडा उजेड खाते. काचेतून ८० टक्के येत असेल, तर दोन्ही मिळून ४० टक्केच उरतात. किती टक्के चालतात, किंबहुना फिल्म चालते का, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि पुढच्या-मागच्या दारांसाठीही वेगळे असू शकतात. नियमातला आकडा बहुतेक ठिकाणी काच आणि फिल्म मिळून धरतात. त्यामुळे हा गुणाकार खरेदीच्या आधीच करायचा.

सामान थोडकंच लागतं: फवाऱ्याची बाटली, रबरी पट्टीचा स्क्वीजी, एक कडक प्लास्टिकचं कार्ड, नवीन पाती असलेला कटर, काच खरवडायचं ब्लेड, धागे न सुटणारं कापड आणि चिकटपट्टी. एक लिटर स्वच्छ पाण्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब. शॅम्पू कमी पडला तर फिल्म टेकताक्षणी चिकटते आणि सरकवता येत नाही. जास्त झाला तर ती धरतच नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण मात्र दूर ठेवा. त्याने फिल्म खराब होते.

पहिल्या दिवशी मी उजवं मागचं दार घेतलं. फिल्म काचेच्या आतून लावतात, पण कापायला ती बाहेरून काचेवर ठेवतात. अशा वेळी लायनर, म्हणजे फिल्मच्या चिकट बाजूवरचं सोलून काढायचं संरक्षक आवरण, आपल्याकडे हवा. मी उलटं ठेवलं, म्हणजे लायनर काचेकडे. कापून झाल्यावर कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे तुकडे लावून ओढले, तेव्हा लायनर भलत्याच बाजूने सुटू लागला आणि चूक ध्यानात आली. तुकडा वाया गेला म्हणून जीव हळहळला. तेवढ्यात मोठा मुलगा म्हणाला, "आई, हा डाव्या दाराला बसेल ना?" बसणारच होता. उजवं दार आणि डावं दार एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. तो तुकडा लायनर परत बसवून बाजूला ठेवला आणि उजव्यासाठी नवा कापला. या वेळी बाजूंना आणि खाली सेंटिमीटरभर जास्त ठेवून.

तो नवा तुकडाही मी घालवला, आणि या वेळी कारण धूळ. काच मी तीनदा धुतली होती, ब्लेडने खरवडली होती, हात फिरवल्यावर गुळगुळीत लागत होती. फिल्म बसवली, पाणी काढलं आणि उजेडात बघितलं तर खालच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग. तो कचरा काचेवरचा नव्हताच. काच दारात उतरते तिथे लोकरीसारखी पट्टी असते, ती प्रत्येक फवाऱ्यासरशी आपली धूळ सोडत होती. त्यात मी सुती कपड्यांत होते आणि पंखा चालू होता. फिल्मखाली अडकलेला कण चिमटीत धरता येत नाही, फिल्म उचलली की तिथली चिकट बाजू आणखी धूळ ओढते. मी ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ मी फक्त साफसफाईत घालवला, आणि माझ्या मते याच कामाचा निकाल त्यात लागतो. पट्टी ओल्या कापडाने पुसून तिच्यावर चिकटपट्टीचा पट्टा लावून टाकला. पंखा बंद. फिल्म सोलायच्या आधी हवेत पाण्याचा हलका फवारा मारला, त्याने उडती धूळ खाली बसते. दाराच्या पॅनलवर टॉवेल अंथरला, कारण पाणी काचेच्या बटणांत गेलं तर वेगळंच काम निघतं. काच शेवटच्या वेळी वरून खाली एकाच दिशेने ओढून पुसली.

मग काच चार-पाच सेंटिमीटर खाली घेतली. मुलाने लायनर ओढायचा आणि मी उघड्या होत जाणाऱ्या चिकट बाजूवर सतत फवारा मारत राहायचं, असं ठरवलं. वरचा अर्धाच भाग सोलला. फिल्म काचेला टेकवली आणि ती पाण्यावर तरंगू लागली! हा क्षण मला फार आवडला. सरकवून वरच्या कडेपासून दोन मिलिमीटर खाली आणली. ही फट ठेवावीच लागते, नाहीतर काच वर जाताना रबर फिल्मची कड उचलतं. मग फिल्मच्या वरच्या बाजूला पाणी मारून स्क्वीजी मधून कडांकडे, प्रत्येक फटका आधीच्यावर थोडा चढवत. वरचा भाग धरला की काच बंद केली, उरलेला लायनर काढला आणि खालची कड कार्डाने पट्टीच्या आत सरकवली. घाई वाटली की आणखी पाणी मारायचं. पाणी आहे तोवर चूक सुधारता येते.

डावं दार त्या उलट्या कापलेल्या तुकड्यानेच पहिल्या प्रयत्नात बसलं. पुढची दोन्ही तिसऱ्या दिवशी तासा-तासात झाली.

त्यानंतर पाच दिवस काचा उघडल्या नाहीत, बटणांवर चिकटपट्टी लावून ठेवली. या दिवसांत काचेवर धुरकट डाग आणि पाण्याचे छोटे फुगवटे दिसत होते. सुईने टोचायचा मोह होतो, तो आवरा. उरलेलं पाणी फिल्ममधून हळूहळू उडून जातं आणि डाग विरतात. माझ्या काचांवरचे बाराव्या दिवशी गेले. धुळीचे दोन कण मात्र उजव्या दाराच्या कोपऱ्यात कायमचे राहिले आहेत.

मागची मोठी काच अजून बाकी आहे. ती दोन दिशांनी वळलेली असते, त्यामुळे सपाट फिल्म तिच्यावर बसत नाही, कडेला चुण्या पडतात. त्या चुण्या बाहेरून हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, आकसवून काचेचा आकार द्यावा लागतो, आणि फिल्म आकसते ती मुख्यतः रोलच्या लांबीच्याच दिशेने, त्यामुळे ती काचेवर कशी ठेवली यावर सगळं ठरतं. शिवाय आतून धुकं घालवणाऱ्या तारा असतात, तिथे ब्लेड चालवता येत नाही. सध्या मी वाया गेलेल्या तुकड्यांवर हीट गन चालवायचा सराव करते आहे. जरा जास्त वेळ एका जागी धरली की फिल्म जळून सुरकुतते, तो अंदाज अजून हातात बसायचा आहे.