अस्तंभा, यात्रेचे दिवस सोडून : शेवटच्या कातळाबद्दल नीट कोणी सांगत नाही म्हणून

अस्तंभा डोंगराबद्दल धुळ्या-नंदुरबारात कोणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं, अरे यात्रेत लहान पोरं चढतात, म्हातारी माणसं चढतात, तुला काय होणार. खरं आहे, पण ते धनत्रयोदशीपासूनच्या त्या दिवाळीच्या दिवसांपुरतंच खरं आहे. तेव्हा लोकांची रांग लागलेली असते, वाट पायांनी झिजून मोकळी झालेली असते, पुढच्याचा पाय बघून आपला ठेवायचा आणि अवघड जागी हात द्यायला कोणीतरी उभं असतंच. आम्ही गेलो जानेवारीत, स्वच्छ ऊन, आभाळात एक ढग नाही, आणि डोंगरावर आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. तेव्हाचा अस्तंभा वेगळा आहे, साफ वेगळा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सातपुड्यातलं 1325 मीटरचं शिखर, नंदुरबार जिल्हा, धडगाव म्हणजे अक्राणी तालुका. अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन अजून या डोंगरांत फिरतो, वाटसरूंकडे तेल मागतो असं इकडे मानतात, त्याचं हे ठिकाण. यात्रेकरू तळोद्याहून कोठार, देवनदी, असली, नकट्या देव, जुना अस्तंभा असे टप्पे करत वर येतात. एका दिवसात उरकायचं तर चांदशैली घाटाने गाडी वर काढून असलीला यायचं आणि तिथून चालायचं. नंदुरबारपर्यंत सुरत-भुसावळ लाइनची रेल्वे आहे, पुढे तळोद्याला एसटी. येताना रस्त्याच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या लागतात, लाल जमीन दूरवर, ठसक्याने डोळ्यांतून पाणी काढते. तो प्रवास मस्त, त्यावर जास्त लिहीत नाही.

गाडीबद्दल मात्र लिहिणार. तळोद्यात जीपवाल्याने आमच्या पाठीवरच्या सॅक बघितल्या आणि असली जाऊन-येऊन चार हजार सांगितले. खूप घासाघीस करून तीनवर आला, वर म्हणे "भाऊ, घाट खराब शे, दुसरं कोणी येनार नही". घाट अवघड आहे हे मान्य, वळणं खरंच वाईट आहेत आणि पावसात दरडी येतात. पण संध्याकाळी परतताना त्याच रस्त्यावर गावातली माणसं सीटवर बसून पिकअपने खाली चाललेली बघितली, त्यांना विचारलं तर त्यांचं भाडं ऐकून डोकं फिरलं. तेव्हा सॅक घेऊन स्टँडवर उभं राहून "अस्तंभा" म्हणू नका. "असली" म्हणा, सीटचा भाव विचारा, आणि परतीची गाडी सकाळीच ठरवून ठेवा, दुपारनंतर तिकडून काय मिळेल याचा भरवसा नाही. पाच-सहा जण असाल तर स्वतःची गाडी आणि घाटाची सवय असलेला ड्रायव्हर, हे सगळ्यात बरं.

असलीहून सुरुवात सोपी आहे. शेतं, विरळ सागवान, मग सोंडेवर चढलं की वारा. कोणीही चालू शकेल एवढी सरळ वाट, फिटनेस असेल तर दम पण लागत नाही. इथेच लोक फसतात, कारण फोनमध्ये टाकून आणलेला जो ट्रॅक (GPS वर नोंदलेली वाट) आहे तो यात्रेतला आहे, आणि यात्रा होऊन गेल्यावर गवत माणसाच्या कमरेइतकं वाळून उभं असतं, त्यात वाटा दहा फुटतात, गुरांच्या, लाकडाच्या, पाण्याच्या. आम्ही गावातला एक दादा बरोबर घेतला होता म्हणून नीट गेलो, नाहीतर एका फाट्याला त्या ट्रॅकने सरळ नाळेत उतरवलं असतं, ट्रॅकवर तिथला उतार दिसतच नाही. दादाला पैसे काय द्यायचे ते आधीच बोलून घ्या आणि पूर्ण द्या, जीपवाल्याला जे दिलं त्याच्या निम्म्यातसुद्धा तो दिवसभर आपल्याबरोबर राहतो, घासाघीस त्याच्याशी करू नका.

आता कातळ. धारेवर आलात की दोन्ही बाजू खाली जातात आणि समोर शिखराचा माथा उभा राहतो. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे कठीण बसाल्टची पायरी, मग मध्ये मऊ मुरमाड थर, मग परत पायरी. कठीण पायरीवर हात बसतो, छान बसतो. लफडं मधल्या थरात आहे. तिथे सगळा घसारा, गोट्या बुटाखालून निघतात, आणि ज्या दगडाला धरायला जाल तो हातात येतो. वाळलेलं गवत तर मुळासकट उपटून येतं, त्याला धरूच नका. अशा टप्प्यावर उजवीकडे सरळ खाली दिसत होतं, आणि आमच्यातला एक, ज्याने सह्याद्रीत कायकाय केलंय, तो पण पाच मिनिटं गप्प उभा होता. कठीण म्हणाल तर टेक्निकल क्लाइंबिंग नाही, दोर नसला तरी चढता येतं, पण एक्स्पोजर आहे, म्हणजे बाजूला उघडी दरी, आणि पडलात तर थांबायला काही नाही, हे कोणीतरी स्पष्ट लिहायला हवं.

चढताना एक एक जण जा. खालच्याने वरच्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, आमच्या इथे नारळाएवढा दगड सुटला आणि बाजूने गेला. हाताने ओढून, ठोकून बघितल्याशिवाय वजन टाकायचं नाही. दोन हात, दोन पाय, त्यातले तीन टेकलेले ठेवा, चौथा हलवा, हे माहीत असणारे लोकच पुढे या. ट्रेकिंग पोल इथे बांधून टाका, अडकतो. बूट झिजलेले असतील तर घरी राहा, खरंच सांगतो.

वर पोचलो आणि सगळा राग गेला. उत्तरेला नर्मदेच्या दिशेने डोंगरामागे डोंगर, निळे होत होत गेलेले, दक्षिणेला तापीचं सपाट खोरं, हवा इतकी स्वच्छ की डोळ्यांना विश्वास बसत नव्हता. पूजेच्या खुणा, नारळाची करवंटं. दादाने देवाला हात जोडले, आम्ही पण जोडले. खानदेशात इतकं उघडं, इतकं उंच वाटणारं ठिकाण मी दुसरं बघितलेलं नाही आणि जो धारेवर चालू शकतो त्याने एकदा यावंच. आजूबाजूला कचरा मात्र भरपूर, प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्या, उचलता येईल तेवढा खाली आणला.

उतरताना तोच घसारा दुप्पट वाईट. तोंड डोंगराकडे करून उतरा, पाठ करून नाही. माझे गुडघे दोन दिवसांनंतरही जिना उतरू देत नाहीयेत, त्यामुळे थोडं कडक लिहितोय, पण ठिकाणाचा दोष एकही वाढवून सांगितलेला नाही.

पाणी : माणशी किमान चार लिटर असलीतूनच उचला. धारेवर सावली नाही, झरा नाही, जानेवारीतच ऊन चढतं तर मार्चमध्ये काय होत असेल. उजेड व्हायच्या आत गाव सोडा आणि शेवटच्या कातळावर दुपारी बारानंतर चढायला लागू नका, खाली येईपर्यंत उजेड हवा. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर ते जानेवारी एवढेच महिने. पावसाळ्यात कोणी "हिरवागार दिसतो" म्हणून बोलावलं तर जाऊ नका, ओला मुरूम आणि तो टप्पा एकत्र म्हणजे जीव धोक्यात. लहान मुलं घेऊन जायचं असेल तर धारेच्या सुरुवातीपर्यंत जा, तिथे बसून जेवा आणि परत फिरा, त्यात काही कमीपणा नाही. सोबत हातमोजे ठेवा, साधे बागकामाचे चालतात, तो बसाल्ट तळहात सोलून काढतो.