कार्ड बाबांच्या पाकिटात आणि पैसे निघाले दुसऱ्या राज्यात: माझा अनुभव

मागच्या वर्षी बाबांच्या पेन्शन खात्यातून पहाटे लागोपाठ पैसे गेले, एटीएम दुसऱ्या राज्यातलं आणि कार्ड इथे नाशकात, इंदिरानगरला बाबांच्या पाकिटात. आई म्हणाली बँक उघडू दे मग बघू, पण अशा वेळी बँक उघडायची वाट बघायचीच नसते. मी लगेच बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड ब्लॉक केलं, तक्रार नंबर लिहून घेतला आणि १९३० ला फोन लावला, सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे.

घाई का, तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी केलंय, तर बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ कामकाजाचे दिवस लागले की थोडा भार तुमच्यावर येतो, त्यानंतर बँकेचं जे धोरण असेल ते.

ब्रँचमध्ये खरा त्रास झाला. तिथले साहेब म्हणे, "पिनशिवाय पैसे निघतच नाहीत, काका तुम्ही कुणाला तरी सांगितला असणार." बाबांची अख्खी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली, पैशाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही, आणि ते तिथे मान खाली घालून बसले. मला इतका राग आला ना. मी सर्क्युलरची प्रिंट नेली होती, त्यात स्पष्ट लिहिलंय की चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून साहेबांपुढे ठेवली. मग सूर बदलला.

अर्जात लिहिलं की कार्ड त्या वेळी नाशकातच होतं, त्या एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. पासबुकाची झेरॉक्स आणि सायबर तक्रारीची प्रत जोडली. आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का, सही, तारखेसकट पोच घेतली. साहेब म्हणत होते गरज नाही, मी म्हटलं मला गरज आहे. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असं त्याच सर्क्युलरमध्ये आहे, तेही अर्जात घातलं. पैसे जमा झाले आणि पुढे कायम पण झाले. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करायची तयारी ठेवली होती.

हे होतं कसं, तर एटीएममध्ये कार्ड घालायच्या खाचेवर चोर कार्डची माहिती वाचणारा दुसरा रीडर चिकटवतात आणि वर बारीक कॅमेरा नाहीतर कीपॅडवर खोटा कीपॅड. कार्डामागच्या काळ्या पट्टीवरची माहिती कायम तीच असते म्हणून कोऱ्या कार्डावर उतरवता येते, चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला वेगळा कोड देते. त्यामुळे पिन टाकताना दुसरा हात वर आडवा धरायचाच, आजूबाजूला कुणी नसलं तरी, आणि खाच हलवून बघायची.

बाबांच्या नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर ॲपमधून बंद केलाय, एटीएमची लिमिट कमी केलीये. टॅप, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं, ते पण बंद, कारण त्यात ५,००० पर्यंत पिन न टाकता पैसे जातात. पेट्रोल पंपावर आता बाबा स्वतः मशीनपाशी जातात, आकडा वाचतात आणि मगच पिन टाकतात.