फार्गोचा सेल्फ जड फिरतोय? आधी अर्थची वायर बघा

जुन्या ट्रकचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) घुर्र... घुर्र करत अडखळू लागला की सल्ले ठरलेले. बॅटरी बदला, नाहीतर सरळ बारा व्होल्ट करून टाका. आमच्या 1953 च्या फार्गो ट्रकसाठी कोल्हापुरात मी दोन्ही ऐकले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडलेली ही गाडी. तिचा डायनमो, दिवे, मीटर सगळं सहा व्होल्टचं. ते उपटून काढणं मला पटत नाही, आणि तशी गरजही नसते.

सहा व्होल्टचं गणित मात्र कडक आहे. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. शिवाय जोडात एक व्होल्ट जिरला तर बारातला बारावा हिस्सा जातो, आमचा सहावा!

म्हणून आधी मोजा, अर्थच्या वाटेत, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो त्या वाटेत, किती व्होल्ट जिरतात. इग्निशन कॉइलची मधली जाड वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थकडच्या (या गाडीत प्लसच्या) शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको. दुसरी सेल्फच्या उघड्या बॉडीवर. मग कुणालातरी सेल्फ दाबायला सांगा. आमचा मीटर 1.4 वर गेला. बॅटरी फुल चार्ज, आणि जवळजवळ दीड व्होल्ट एकट्या अर्थच्या वाटेवर खलास!

चासीवरचा बोल्ट सोडला तर थिंबलखाली (केबलच्या टोकाची कडी) रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि वर रंगाचे थर. कुणीतरी हौसेने चासी रंगवून त्यावरच अर्थ आवळलेला. इंजिन ते चासी ही विणलेली पट्टी तर हिरवी पडून निम्मी तुटलेली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे ही पट्टी गेली की करंट मिळेल त्या वाटेने परततो. सेल्फ मारल्यावर आमची चोकची केबल हाताला गरम लागत होती. ही खूण दिसली की बॅटरीवाल्याकडे जाऊच नका.

पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातले. बॅटरीचा अर्थ थेट गिअरबॉक्सच्या बोल्टवर घेतला, तिथून चासीला वेगळी पट्टी, केबिनला आणखी एक. केबल वेल्डिंगची, 70 स्क्वेअर एमएम. तांब्याची थिंबलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रेसवर दाबून घेतली. बाजारात कारसाठी मिळणारी तयार केबल इथे बारीक पडते. सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. मीटर आता 0.15 दाखवतो आणि सेल्फ काय सुरेख फिरतो!

तरीही जड वाटला तर पायाच्या स्विचमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट बघा, मग सेल्फचे कार्बन आणि बुश.

आणि हो, या गाडीत प्लस अर्थ आहे. बॅटरीचा प्लस बॉडीला, म्हणून काढताना प्लस आधी, लावताना शेवटी. कॉइलचाही प्लस डिस्ट्रिब्युटरकडे जातो. नव्या इलेक्ट्रिशियनच्या हाती गाडी देण्याआधी बॅटरीच्या पेटीवर हे ठळक लिहून ठेवा.