आपू आउसांगातेच्या वाटेवर

आउसांगातेला अँडीज पर्वतातले मूळनिवासी केचुआ लोक ‘आपू’ म्हणतात. आपू म्हणजे डोंगर आणि त्या मुलखाचा धनी, दोन्ही एकच. लोकर देणाऱ्या अल्पाकांचे कळप तोच देतो, पाऊस तोच धाडतो आणि रागावला की गाराही तोच पाडतो. पेरूच्या कुस्को भागातला हा सर्वांत उंच पर्वत, ६३०० मीटरच्या वर. ओकोंगातेच्या अलीकडे एका खिंडीत तो पहिल्यांदा दिसला आणि बसमधल्या बायकांनी बोलणं थांबवून टोप्या काढल्या. कोकाची तीन पानं बोटांत धरायची, त्यांवर फुंकर घालायची, आपूचं नाव घ्यायचं, मग पानं तोंडात टाकायची. मलाही तीन पानं मिळाली. मीही नाव घेतलं.

आम्ही निघालो होतो कोय्युर रितीच्या यात्रेला. ईस्टरनंतर अठ्ठावन्नाव्या दिवसाच्या आसपास आउसांगातेच्या शेजारच्या सिनाकारा खोऱ्यात ही यात्रा भरते आणि कुस्कोच्या चहूबाजूंनी नव्वद हजारांच्या घरात माणसं येतात. पंढरीच्या वाटेवर दिंड्या असतात, तशी इथे आठ ‘राष्ट्रं’ असतात: पाउकारताम्बो, किस्पिकांची, कांचिस, आकोमायो, पारुरो, आंता, उरुबाम्बा आणि तावांतिनसुयो. ज्याची त्याची नाचांची पथकं, ज्याचा त्याचा खर्च उचलणारा कार्गुयोक. मी पाउकारताम्बोच्या एका पथकाबरोबर चालले.

माहुआयानीपासून चढ सुरू होतो. अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण देऊळ ४७०० मीटरच्या वर आहे. दहा पावलं टाकली की छाती भरून येते. वाटेत क्रूस आहेत आणि प्रत्येकापाशी दगडांची रास. लोक खालून दगड उचलून आणतात आणि इथे ठेवतात, मनावरचं ओझं त्याच्याबरोबर उतरावं म्हणून. बासरी आणि ढोल अखंड चालू. दारूला मज्जाव आहे आणि तो खरोखर पाळला जातो.

देवळात पूजा होते ती एका खडकाची. त्यावर ख्रिस्ताची प्रतिमा आहे; लोक तिला ‘तायताचा’ म्हणतात, म्हणजे आपला बाप्पा. कथा १७८० च्या दशकातली. मारियानो नावाच्या मेंढपाळ पोराला याच माळावर मानुएल नावाचा गोरा मुलगा भेटला, दोघांची गट्टी जमली, कळप वाढू लागला. मोठी माणसं मानुएलला धरायला गेली तेव्हा तो प्रखर उजेडात नाहीसा झाला आणि झुडपावर क्रूसावरचा ख्रिस्त दिसला. मारियानो तिथंच कोसळला. त्याला त्या खडकाखाली पुरलं. तुपाक आमारूचं स्पॅनिश सत्तेविरुद्धचं बंड चिरडून जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की गुराख्याच्या पोराला देव सोबती म्हणून भेटतो ही गोष्ट केचुआ माणसांना किती हवीशी वाटली असेल ते कळतं. पण ख्रिस्त आला म्हणून आपू गेला नाही. आमच्या पथकातल्या म्हाताऱ्यांनी खडकापुढे मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन त्याच श्रद्धेने बर्फाकडे तोंड करून कोकाची पानं फुंकली. कृत्तिका काही आठवडे आकाशातून दिसेनाशा होऊन पुन्हा उगवतात, तोही याच सुमाराचा काळ. सुगीचे दिवस.

देवळाच्या वरच्या उतारावर लोक दगडांची इवलीशी घरं बांधत होते. ज्याला घर हवं त्याने घर, ज्याला जनावरं हवीत त्याने गोठा. खोट्या नोटांनी जमिनीचे, ट्रकचे सौदे चालले होते. आमच्यातल्या एका मुलीने नर्सिंगच्या पदवीचा छोटा कागद विकत घेतला आणि तो आशीर्वादासाठी जपून गाठोड्यात बांधला.

रात्री सगळ्यांचे डोळे उकुकूंवर होते. उकुकू म्हणजे अस्वल आणि बाई यांचं लेकरू, अर्धा माणूस. लोकरीचा मुखवटा, झिरमिळ्यांचा अंगरखा, हातात चाबूक, बोलणं बारीक किनऱ्या आवाजात. यात्रेतली शिस्त तेच राखतात. मध्यरात्रीनंतर प्रत्येक राष्ट्राचे उकुकू क्रूस घेऊन कोल्केपुंकूच्या हिमनदीवर चढतात. शापित आत्मे त्या बर्फात भटकतात आणि त्यांच्याशी झुंजणं हे उकुकूंचंच काम, असं लोक मानतात.

पूर्वी पहाटे उतरताना ते पाठीवर बर्फाच्या लाद्या घेऊन येत. ते पाणी औषध म्हणून घरोघर जाई, शेतात शिंपडलं जाई. हिमनदी डोळ्यांदेखत मागे सरत गेली, तेव्हा या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रांनीच ठरवलं की बर्फ आणायचा नाही, आणि पहारे बसवले. पेरूतल्या हिमनद्यांचं निम्म्याहून जास्त क्षेत्र गेल्या साठेक वर्षांत संपलं आहे, आणि ते या गावांनी काढलेल्या लाद्यांमुळे नव्हे. धूर दुसऱ्यांनी केला, व्रत यांनी सोडलं. मला या यात्रेतलं सर्वांत मोठं दान हेच वाटतं.

पहाटे उतरलेल्या एका उकुकूला मी स्पॅनिशमध्ये विचारलं, रिकाम्या पाठीनं यायला कसं वाटतं? मुखवटा वर करून, स्वतःच्या साध्या आवाजात तो म्हणाला, “मामाय, माझे वडील बर्फ आणायचे. मी आपूजवळ बर्फ ठेवून येतो. दोघांनीही त्याचंच काम केलं.” एवढं बोलून मुखवटा खाली ओढला आणि गर्दीला रांगेत लावायला निघून गेला.

२०११ मध्ये युनेस्कोने ही यात्रा मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. आमच्या पथकात त्याचा उल्लेख मी एकदाही ऐकला नाही. बोलणं होतं ते यंदा बर्फाची कड कुठवर आली आहे याचं.

मंगळवारच्या प्रार्थनेनंतर बहुतेक राष्ट्रं परतली. पाउकारताम्बो आणि किस्पिकांची मात्र मूर्ती घेऊन चोवीस तासांच्या पायपिटीला निघाली, चांदण्यातून, खिंडीमागून खिंड. डाव्या-उजव्या बाजूला आउसांगाते येत-जात राहिला आणि तो दिसला की ढोल थांबत, लोक त्याच्याकडे वळत. बुधवारी तायांकानीच्या माथ्यावर पहिलं ऊन पडलं तसे सगळे गुडघ्यांवर बसले. मग नर्तकांच्या रांगा नागमोडी धावत उतारावरून सुटल्या. म्हातारी माणसंसुद्धा धावत होती. रात्रभराच्या चालीने सुजलेले पाय घेऊन मीही त्यांच्या मागे धावले.

खाली गरम सूप झालं आणि लगेच हिशेब सुरू झाला: पुढच्या वर्षी कार्गुयोक कोण? वादकांचं जेवण, मेणबत्त्या, ट्रकचं भाडं, सगळं त्याच्या अंगावर. नर्सिंगचा कागद घेतलेल्या मुलीचे वडील उठले आणि त्यांनी भार स्वीकारला.