पड पडलेले रान आणि १८८२ सालचा गहू

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला आमचा माळाचा एक तुकडा आहे. मनुष्यबळ नाही म्हणून गेली सहा वर्षे तो पड आहे. यंदा सुट्टीत कोल्हापूरला आल्यावर आबांबरोबर, म्हणजे माझ्या थोरल्या काकांबरोबर, तिथे गेलो, तेव्हा बांधापासून मध्यापर्यंत घाणेरी माजलेली दिसली. मी थबकलेला पाहून आबा म्हणाले, "पड टाकलं की रानाचं रान हुतंय, त्यात काय!" आपल्याकडे कसलेल्या शेतालाही रान म्हणतात आणि जंगलालाही. आबांच्या त्या वाक्याने मला इंग्लंडमधले एक शेत आठवले.

मी राहतो त्या भागात, लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावाजवळ, रोथॅमस्टेड ही शेती संशोधन संस्था आहे. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. १८८२ साली या शेताच्या एका टोकाला सुमारे २० गुंठ्यांवर उभा असलेला गहू कापलाच नाही. कुंपण घालून तो तसाच सोडून दिला. माणसाने हात काढून घेतला तर गहू स्वतःच्या बळावर टिकतो का, हे संस्थेतल्या संशोधकांना पाहायचे होते. चार वर्षांत तणांनी त्याला इतके दाबले, की उरलेली मोजकी खुरटी रोपे गव्हाची आहेत हे ओळखणेही अवघड झाले. त्यानंतर झुडपे आली आणि मग झाडे. आज त्या तुकड्याच्या एका अर्ध्या भागात अ‍ॅश आणि सिकॅमोरची वीस मीटरहून उंच झाडे आहेत, त्यांच्या खाली हॉथॉर्न आहे आणि दाट सावलीत जमिनीवर आयव्हीचा वेल पसरला आहे. एका वनस्पतिसमूहाने दुसऱ्याला जागा करून देण्याच्या या क्रमाला अनुक्रमण म्हणतात.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच तुकड्याचा दुसरा अर्धा भाग. तिथे १९०० च्या सुमारापासून दरवर्षी उगवलेली झुडपे आणि झाडांची रोपे काढून टाकतात, आणि तेवढ्या एका कामामुळे तिथे शतकाहून अधिक काळ जंगल होऊ शकलेले नाही. उंच गवत आणि रानफुलेच राहिली आहेत. १९५७ मध्ये त्यातला काही भाग वेगळा काढून तिथे कापणी आणि मेंढ्यांची चराई सुरू केली, तेव्हा तिथली वनस्पतीही बदलली. माती तीच, पाऊस तोच, मधे कुंपणाइतकेच अंतर. इंग्लंडची हिरवीगार कुरणे पाहून आपण त्यांना निसर्ग म्हणतो, पण त्यातली बहुतेक विळ्याने आणि मेंढीच्या तोंडाने राखलेली आहेत.

माणसाने हात काढून घेतला तरी त्याचे आधीचे काम मातीत राहतेच. त्याच संस्थेतले गीस्क्रॉफ्ट हे दुसरे शेत १८८६ मध्ये असेच सोडून दिले होते. ब्रॉडबॉकमध्ये जुन्या काळच्या शेतकऱ्यांनी चुनखडी भरपूर टाकलेली होती, गीस्क्रॉफ्टमध्ये तेवढी नव्हती. परिणामी ब्रॉडबॉकच्या जंगलाखालची माती आजही अल्कधर्मी आहे, तर गीस्क्रॉफ्टच्या मातीचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) शतकभरात ७ च्या वरून ४.५ च्या खाली उतरला आणि ती आम्लधर्मी झाली. तिथे मुख्यतः ओक वाढला. चुनखडीच्या गाड्या ओतणाऱ्या त्या शेतकऱ्यांची नावेही आज कुणाला ठाऊक नसतील, पण त्यांच्या रानातल्या मातीला ती चुनखडी अजून पुरते आहे.

हे सगळे मी आबांना बांधावर बसून सांगितले. आपला माळ मुरमाड, पाऊस चार महिन्यांचा, आणि घाणेरी तर मूळची अमेरिकेतली. तिची फळे बुलबुल खातात आणि बिया लांबवर टाकतात, म्हणून तिथला क्रम इथे जसाच्या तसा लागू होणार नाही, हेही सांगितले. शिवाय उन्हाळ्यात वाळलेले गवत पेटवण्याची चाल आणि मोकाट जनावरे यांमुळे आपल्या कित्येक माळांवर झाडाचे रोप गुडघ्याच्या वर जातच नाही. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्या अर्ध्यात झुडपं काढायला दरसाल माणूस लावत्यात?" मी हो म्हणालो.

परवा त्यांनी बांधाकडच्या दोन गुंठ्यांभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. एका गुंठ्यातली घाणेरी आम्ही दोघांनी कुदळीने मुळासकट काढली, दुसऱ्यातली तशीच ठेवली. काढलेल्या बाजूला, घाणेरीच्या बुंध्याआड, करवंदाची तीन रोपे निघाली. मी पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. मार्चमध्ये डोंगराला आगी लागू लागल्या की ती रोपे राहिली का, हे आबा फोनवर कळवणार आहेत.