दूध फाटलंच नाही

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय घेतला होता: आईच्या दुधातलं सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज) प्रोटीनला किती बांधलेलं असतं. एथिक्स कमिटीच्या मंजुरीत अख्खं सेमिस्टर गेलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. नमुने मिळाले ते ऐन जुलैत. मांडीवर बर्फाचा थर्माकोलचा डबा, त्यावर रेनकोट, आणि रिक्षावाले काका विचारतायत, "मासळी का, ताई?"

संमतीपत्रावर सही करताना एकीने विचारलं, "माझ्या दुधात काही कमी आहे का हो?" नाही म्हणून सांगितलं, तरी तिने बाळाकडे पाहिलंच.

सराव केला होता पिशवीतल्या गाईच्या दुधावर. साय काढायची, आम्ल घालून पीएच ४.६ वर आणायचा, की केसीन हे दुधातलं प्रोटीन दह्यासारखं खाली बसतं. आईच्या दुधात तेच केलं तर नळीत नुसता गढूळपणा. आम्ल बिघडलं समजून दोनदा नवं केलं. घरी रडगाणं गायले तर आई म्हणाली, "अगं, बाळाची गुळणी कधी पाहिली नाहीस का? किती बारीक कण असतात." गाईच्या दुधात प्रोटीनपैकी सुमारे ८० टक्के केसीन, आईच्या दुधात जेमतेम निम्मं. हे पुस्तकात वाचलं होतं, हाताला माहीत नव्हतं. शेवटी कॅल्शियम घालून, पीएच ४.३ वर आणून, थंड ठेवून यंत्रात खूप वेगाने फिरवलं तेव्हा कुठे जमलं.

मग डायलिसिस. दूध पातळ पापुद्र्याच्या पिशवीत, पिशवी पाण्यात. सुटं सेलेनियम बाहेर झिरपतं, प्रोटीन आत राहतं. पाणी तीनदा बदलायचं, आणि नेमका गुरुवार! नळाला पाणी नाही, म्हणून डिस्टिल्ड वॉटरही नाही. शेजारच्या लॅबमधून दोन कॅन उसने आणले.

मोजणी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. पहिला आकडा अवाच्या सवा आला. मी ८० वस्तुमानावर मोजत होते, कारण सेलेनियमचे निम्मे अणू तिथेच सापडतात. पण यंत्रातल्या आर्गॉन वायूच्या अणूंच्या जोड्याही ४० अधिक ४० करून तिथेच येतात. ७८ वर गेले, आर्गॉनच्या जोड्या मोडायला यंत्रात हायड्रोजन वायू सोडला, तेव्हा आकडे माणसात आले.

बाहेरच्या पाण्यात जवळपास काहीच नव्हतं. बहुतेक सगळं पिशवीतच. निघेल कसं? ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारख्या एन्झाइममध्ये सेलेनियम नुसतं चिकटलेलं नसतं, गंधकाच्या जागी अमिनो आम्लातच विणलेलं असतं.

सरांनी कागद पाहिला. म्हणाले, "छान. आता आणखी दोनदा कर, मग बोलू."