फुलकिडे : कोथरूडच्या गच्चीवरची उन्हाळी नोंद

फेब्रुवारीअखेर

थंडी ओसरली, दुपारचं ऊन तापायला लागलं आणि गुलाबाच्या नव्या फुटव्यावर पहिली खूण दिसली. कोवळ्या पानांच्या कडा तांबूस होऊन वर वळलेल्या, आणि पांढऱ्या गुलाबाच्या कळीवर बाहेरच्या पाकळ्यांना तपकिरी, भाजल्यासारखी किनार. शेजारच्या गडद लाल गुलाबावर अजून जवळजवळ काहीच नाही. फिकट रंगाची फुलं आधी पकडायची, ही फुलकिड्यांची (थ्रिप्स, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडींची) सवय ठरलेली. गच्चीवर एक तरी पांढरा किंवा पिवळा गुलाब ठेवावा तो याचसाठी. सगळ्यात आधी तो सांगतो.

खात्री करायला पांढरा कागद पुरतो. शेंड्याखाली किंवा उमललेल्या फुलाखाली कागद धरायचा, बोटाने चार-पाच टिचक्या मारायच्या आणि अर्धा मिनिट थांबायचं. धूळ जागेवर पडून राहते, फुलकिडा चालायला लागतो. प्रौढ किडा एक ते दोन मिलिमीटर, पेन्सिलीच्या बारीक रेघेएवढा. पिल्लू त्याहून लहान, फिकट पिवळं, बिनपंखी. १० पट भिंगातून पाहिलं की पंख ओळखू येतात. नेहमीच्या पातळ पंखाऐवजी एक अरुंद काडी आणि तिच्या कडांना लांब केसांची झालर. फुलात आत दडलेले असतील तर फुलावर तोंडाने हळू, उबदार श्वास सोडायचा. काही क्षणांत ते पाकळ्यांच्या फटीतून बाहेर येतात.

पानावरची खूणही वाचायला शिकावी. फुलकिड्याचा डावा जबडाच तेवढा वाढलेला असतो. त्याने पेशीला भोक पाडून तो आतला रस शोषतो, रिकाम्या पेशीत हवा शिरते आणि पान त्या जागी चंदेरी दिसतं. त्या चंदेरी पट्ट्यावर काळे, चकचकीत ठिपके असतील तर ती त्यांची विष्ठा, आणि मग शंकेला जागा राहत नाही. लाल कोळीमुळेही पानावर फिकट ठिपके येतात, पण तिथे खाली बारीक जाळं सापडतं आणि हे काळे ठिपके नसतात. तुडतुडे पानाला हात लावला की तिरके पळतात. मोगऱ्याची कळी जांभळट होऊन वाळत असेल तर फुलकिड्यांवर खापर फोडण्याआधी कळी उकलून आत कळीमाशीची बारीक अळी आहे का ते बघावं.

मार्च

मिरची. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे. पानं खालच्या बाजूला वळली असतील, देठ लांबले असतील आणि पान अरुंद, कडक झालं असेल तर पिवळा कोळी. पानं बारीक, शिरा जाड, झाड खुजं आणि शेंड्याशी गुच्छ झाला असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. तिन्हींना बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणून एकाच बाटलीने झोडपलं जातं आणि मग औषध चालत नाही अशी तक्रार होते. कोळीसाठी पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, २ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी. पारा ३५ अंशांच्या वर जात असेल तर गंधक टाळायचं, पानं करपतात. विषाणूला औषधच नाही. रोप उपटून पिशवीत बंद करायचं.

मिरचीच्या फुलात काळपट फुलकिडे दिसले तर तेही गांभीर्याने घ्यावेत. थ्रिप्स पार्विस्पायनस ही परदेशातून आलेली जात भारतात २०१५ मध्ये बेंगळुरूला पपईवर नोंदली गेली आणि २०२१ मध्ये तेलंगण-आंध्रात तिने मिरचीचं पीक झोपवलं. ही फुलात बसते, त्यामुळे फक्त पानांवर फवारून तिला काही होत नाही.

आता मुद्द्याचं. फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या आत, पेशींच्या थरात घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन अवस्था झाडावर खात राहतं, मग बहुतेक जातींमध्ये खाली उतरून कुंडीतल्या मातीत किंवा वाळक्या पाल्यात कोषासारखं पडून राहतं आणि तिथून प्रौढ होऊन उडतं. उन्हाळ्यात हा सगळा फेरा साधारण दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे कोणत्याही दिवशी फवारणी केली तरी अंडी पानाच्या आत सुरक्षित आणि कोष मातीत सुरक्षित. अंगावर पडून मारणारी फवारणी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एकदा दणकून मारण्यापेक्षा ५ ते ६ दिवसांच्या अंतराने सलग तीन ते चार वेळा हलकं मारलेलं जास्त कामाला येतं. दर वेळी नवी बाहेर पडलेली पिल्लं सापडतात आणि त्यांना अंडी घालायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि तिथेच सोडून दिलं जातं. पंधरा दिवसांत तेच चित्र परत.

गच्चीवरचा क्रम असा बसवला आहे. सकाळी लवकर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून धुवायची. त्याच दिवशी डागाळलेल्या कळ्या आणि पूर्ण उमललेली फुलं काढायची. कळीवर आधी पिशवी चढवायची, मग देठ कापायचा, नाहीतर कापताना अर्धे किडे उडून शेजारच्या कुंडीत जातात. ती पिशवी तोंड बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवायची. घरच्या कंपोस्टच्या डब्यात हे टाकू नये, तो डबा पुरेसा तापत नाही. पाडव्याच्या झेंडूच्या माळांचं निर्माल्य कुंड्यांच्या बुडाशी टाकायची सवय मोडायला हवी. झेंडूच्या फुलात फुलकिडे भरपूर असतात आणि आपण ते स्वतःच्या हाताने गुलाबाशेजारी नेऊन सोडतो.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, फवारणी. नीम तेल असेल तर १ लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रव साबण. आधी साबण कपभर कोमट पाण्यात, मग तेल, झाकण लावून दुधाळ होईपर्यंत हलवायचं आणि मग उरलेलं पाणी घालायचं. तेलाचा तवंग वर तरंगत असेल तर ते मिश्रण मारू नये; ज्या पानावर तवंग पडतो ते पान करपतं. तयार अझाडिरॅक्टिन (निंबोळीतला कीड रोखणारा घटक) १०,००० पीपीएम असेल तर २ मिली प्रति लिटर. निंबोळ्या मिळत असतील तर ५ टक्के अर्क सर्वांत स्वस्त: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, १ लिटर करायचं. यातलं काहीही दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. अझाडिरॅक्टिन ऊन आणि अल्कधर्मी पाणी दोन्हींत लवकर निकामी होतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट, जी पुण्यात फार नडते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबण घातला की फेस येण्याऐवजी पांढरी कणी धरते, साबणाची ताकद कॅल्शियममध्येच खर्च होते आणि नोझल तुंबतं ते वेगळंच. फवारणीपुरतं महापालिकेचं किंवा आरओचं पाणी वापरावं. एका बाटलीत साबण हलवून बघावा, फेस टिकला तर पाणी चालेल.

एप्रिल

सापळे. निळे आणि पिवळे दोन्ही चिकट पत्रे लावले आहेत. फुलांत राहणाऱ्या बऱ्याच जातींना निळा जास्त ओढतो, मिरचीवरच्या फिकट फुलकिड्यांना पिवळाही चालतो. आठ-दहा कुंड्यांमागे एक पत्रा, शेंड्याच्या वर वीतभर, झाड वाढेल तसा वर सरकवत. घरी करायचा तर जाड निळ्या प्लास्टिकला एरंडेल तेलाचा पातळ हात. धूळ बसली की पुसून पुन्हा लावायचं, एप्रिलच्या वाऱ्यात हे वरचेवर करावं लागतं. सापळ्याने किडे संपतील ही अपेक्षा ठेवू नये. संख्या वाढतेय की घटतेय हे कळायला तो आहे, आणि त्या कामात तो पक्का आहे. पत्र्यावर क्रायसोपा आणि ढालकिडे हे किडी खाणारे मित्रकीटकच जास्त चिकटायला लागले तर पत्रा खुशाल उतरवावा.

माती. कोष वरच्या थरातच असतात, म्हणून प्रत्येक जास्त लागलेल्या कुंडीतली वरची २ ते ३ सेंटिमीटर माती काढून पिशवीत घालून उन्हात तापवली, तिथे नवी माती आणि १२ इंची कुंडीला ४०-५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळली. गळलेली पानं रोज उचलणं हा याच कामाचा भाग आहे.

लेकानी आणि बिव्हेरिया या किडी मारणाऱ्या बुरशींबद्दल बरेच जण विचारतात. दोन्ही चांगल्या आहेत, ५ ग्रॅम प्रति लिटर, पण त्यांना दमट हवा लागते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की बीजाणू रुजण्याआधीच वाळतात. पाकीट सावलीत, थंड जागी राखून ठेवावं, मुदत तपासावी आणि पावसाळी हवेत वापरावं. बुरशीनाशकाच्या पंपातून मारू नये, पंप वेगळाच हवा.

खताचा हात आखडता घ्यावा. भरपूर नत्र दिलं की लुसलुशीत पालवी फुटते आणि फुलकिड्यांना तीच हवी असते. लागण चालू असताना युरिया पूर्ण बंद, शेणखत-गांडूळखत बेताने.

आणि गच्चीवर कुणाचं वाळवण असेल त्या दिवशी फवारणी नाही. कुरडया, पापड, सांडगे उतरले की मगच पंप हातात घ्यायचा. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडंही झाकायचं.

मे

गुलाब आटोक्यात आले, मिरचीच्या दोन कुंड्या आल्या नाहीत. नव्या शेंड्यावर टिचकी मारली की अजून पाच-सहा किडे पडत होते. अशा वेळी स्पिनोसॅड ४५ एससी हे कीटकनाशक. मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी ते नोंदणीकृत आहे, मात्रा साधारण ०.३ मिली प्रति लिटर. एवढं थोडं मोजायला मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची सिरिंज घ्यावी. इन्शुलिनच्या सिरिंजवर युनिट छापलेले असतात, तिथे मोजमाप चुकतं. ओली फवारणी मधमाश्यांना घातक असते, त्यामुळे अंधार पडता पडता मारायचं आणि फुलावरच्या झाडांवर मारण्याआधी उमललेली फुलं काढून टाकायची. सलग दोनदापेक्षा जास्त नको, मग नीमकडे परतायचं, नाहीतर किडे औषधाला सरावतात. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघूनच मिरची तोडायची. हातमोजे आणि मास्क घालायचाच.

घरातल्या मॉन्स्टेरा, अँथुरियमसारख्या झाडांना यातलं काही लागत नाही. पान दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसायचं, दर ५ दिवसांनी, महिनाभर. मॉन्स्टेराचं गुंडाळलेलं नवं पान उलगडताना त्याच्या घडीत पिल्लं सापडतात, तिथे कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून फिरवायचा. नर्सरीतून नवं रोप आलं की ते तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब. उरुळी कांचनहून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या गाड्यावरून, नियम एकच.

सोसायटीच्या कुंपणाला फायकस बेंजामिना असेल तर त्याची पानं मध्यशिरेवर दुमडलेली दिसतील. उघडलं की आत काळे प्रौढ, फिकट पिल्लं आणि अंडी एकत्र. ही जात निराळी, पानाच्या घडीतच वाढते, मातीत उतरत नाही, आणि फवारा आत जात नाही. दुमडलेले शेंडे छाटून बंद पिशवीत टाकणं हाच उपाय. गुलाबावर ती येत नाही, त्यामुळे कुंपणाला दोष देऊ नये.

जून

वळवाच्या दोन सरींनीच पत्र्यावरची संख्या खाली आली होती. मोसमी पाऊस लागल्यावर शेंडे स्वच्छ निघू लागले. पावसाचा मार पिल्लांना झाडावरून धुऊन टाकतो. आता नीम थांबवून लेकानीच्या दोन फवारण्या, संध्याकाळी, उघडीप बघून. बुरशीला वेळ लागतो, आठवडाभर फरक दिसत नाही म्हणून हात बदलू नये.

पुढची कामं: पावसाळा संपता संपता निंबोळी पेंडीचा एक हात सगळ्या कुंड्यांना. ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी होईल तेव्हाच ऑक्टोबर हीटही असते आणि सगळी झाडं एकदम कोवळी फुटतात. छाटणीच्याच दिवशी सापळे परत लावायचे, आणि पालवी बोटभर झाली की दर चार दिवसांनी पांढरा कागद.